चाखणं आणि खाणं

माझी नोकरी चव घेण्याची होती, खाण्याची नव्हती. एका दूध शीतकरण केंद्रावर मी दूध तपासायची. सकाळी गावोगावचे कॅन उतरायचे आणि झाकण उघडलं की पहिली परीक्षा नाकाची. म्हशीनं रात्री काय खाल्लं, कॅन धुतला होता की नुसता विसळला होता, सकाळच्या दुधात रात्रीचं मिसळलंय का, हे सगळं झाकणाला चिकटलेला वास सांगून टाकतो. संशय आला तर घोटभर दूध तोंडात घ्यायचं, जिभेवरून फिरवायचं आणि थुंकायचं. गिळायचं नाही. गिळत गेलं की पोट भरतं, आणि भरल्या पोटी जीभ खोटं बोलायला लागते. मग परीक्षानळीत थोडं दूध घेऊन उकळत्या पाण्यात धरायचं. गुठळी धरली की कॅन परत. शेवटी गर्बरची नळी: १० मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध, १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, बूच लावून यंत्रात गरगर. आम्ल बाकी सगळं जिरवून टाकतं आणि आकड्यांपुढं पिवळी चरबी तेवढी उभी राहते. गाईला साडेतीन, म्हशीला सहा. त्यावर शेतकऱ्याचा भाव.

घरी नेमकं उलटं होतं. घरी मी खात होते, चाखत नव्हते. सगळ्यांची ताटं उठली की कढईच्या तळाशी जे राहील ते भाकरीवर घ्यायचं आणि ओट्याशी उभ्यानं संपवायचं. यात माझं वेगळं असं काही नाही. वऱ्हाडातल्या माझ्या वयाच्या कोणत्याही बाईला विचारा. भाजीला मीठ कमी पडलंय हे तिला इतरांच्या तोंडून कळलेलं असतं. म्हणून प्रवचनात महाराज ‘जिभेला जिंका’ म्हणतात तेव्हा मी मान वळवून पाहते, हे नक्की कोणाला सांगणं चाललंय. मांडवात निम्म्याहून जास्त बायकाच बसलेल्या असतात.

आता नोकरी नाही, घरात पंगतही नाही. मंगळवारी अमरावतीच्या अंबादेवीचं आणि शेजारच्या एकवीरेचं दर्शन झालं की मी गांधी चौकातून चालत राजापेठेत येते. तिथं बडनेरा रोडच्या आत एका गल्लीत गवळ्यांची डेअरी आहे. हे लोक मूळचे मेळघाटातले. ज्या गाविलगडाचं नावच गवळ्यांवरून पडलं म्हणतात, त्या बाजूचे. पुढं काउंटरवर दही, ताक, लोणी, खवा, पनीर; आणि अलीकडं काचेच्या फ्रिजमध्ये चीजचे गोळे. मागं चार टेबलं. दुपारी तिथं जेवण मिळतं, पण पाटीवर ‘जेवण’ असं लिहिलेलं नाही. ज्याला माहीत आहे तो मागं जातो.

ताटात कळण्याची भाकर येते, ज्वारीत उडीद घालून दळलेली. त्यावर लोण्याचा गोळा. हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, वाटीत गिला वडा. दह्यात बुडालेला हा वडा अमरावतीबाहेरच्या माणसाला दहीवडा वाटतो आणि तो तसं म्हणाला की आमचं त्याच्याविषयीचं मत तिथंच ठरतं. आणि स्टीलच्या उंच पेल्यात ताक. मी घाई करत नाही. आधी लोणी नुसतं जिभेवर ठेवते. कपाशीच्या मुलखातली म्हैस सरकीची ढेप खाते, आणि सरकी खाणाऱ्या म्हशीचं लोणी घट्ट असतं, तोंडात उशिरा विरघळतं. पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यावर आलेली म्हैस असली की तेच लोणी मऊ पडतं. म्हणजे लोणी जिभेवर ठेवलं की गोठा कळतो, हंगाम कळतो, कपाशीचं शेत किती जवळ आहे तेही कळतं. फक्त आता थुंकायचं नसतं.

अशाच एका मंगळवारी माझी नणंद सोबत होती. तिनं दोन वेळा शेगावची पायी वारी केलीय. एकादशी, प्रदोष, गुरुवार, सगळं काटेकोर. तिनं ताक तेवढं घेतलं, माझं ताट संपेपर्यंत माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “वहिनी, साठी झाली न आता. जिभेले आवरा जरा. भूक हाय म्हणून खाणं येगळं, अन् चव हाय म्हणून खाणं येगळं.”

हे ती टोचून बोलली, पण त्यातला प्रश्न टोचण्यापुरता नाही. आपल्या धर्मात तो फार जुना आहे, आणि आमच्या या भागात तर त्याला फार मोठ्या माणसांची साक्ष आहे. भूक भागवणं हा देहाचा धर्म, ते समजलं. पण भुकेच्या वर जे उरतं, ती मजा, तिचं काय करायचं? ती देवाची देणगी की देवाच्या वाटेतला खड्डा?

माझ्या नणंदेच्या बाजूनं पहिला उभा राहणारा माणूस साधासुधा नाही. इथून शंभरेक किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले. त्यांच्या अकरा व्रतांत अस्वाद हे एक व्रत आहे, आणि १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमाला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी ते उलगडून सांगितलंय. औषध आपण गोड लागतं म्हणून घेत नाही, शरीराला हवं म्हणून मोजून घेतो; अन्नही तसंच घ्यावं. चव वाढवायला म्हणून पदार्थात मीठ घातलं तरी व्रत मोडलं. हे वाचताना मला आमची प्रयोगशाळाच आठवते. अन्न म्हणजे मोजलेली मात्रा. चरबी इतकी, बाकीचे घनपदार्थ इतके, आणि जिभेनं मधे पडू नये.

दुधाच्या बाबतीत तर ते आणखी पुढं गेले होते. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी आपले मित्र कॅलनबाख यांच्याबरोबर दूध सोडलं. दूध विकार वाढवतं ही एक समजूत त्यामागं होती. शिवाय गाई-म्हशींकडून शेवटचा थेंब काढायला गवळी जी ‘फुंका’ नावाची क्रूर रीत वापरतात, तिचा त्यांना संताप होता. पुढं १९१८ मध्ये ते मरणाच्या दारात जाऊन पडले. डॉक्टर म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शरीर उभं राहणार नाही. गांधीजी म्हणाले, व्रत आहे. तेव्हा जवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी वाट काढली: व्रत घेताना डोळ्यांपुढं गाय आणि म्हैस होती न, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? त्यांनी शेळीचं दूध घेतलं, वाचले, आणि आत्मकथेत प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की व्रताची अक्षरं राहिली, जीव गेला. ते शल्य त्यांना पुढंही सलत राहिलं.

या प्रसंगात मला महात्म्यापेक्षा कस्तुरबा जास्त दिसतात. जन्मभर दुसऱ्याचं ताट सांभाळलेली बाई व्रताकडंही घरातल्या अडचणीसारखी पाहते. दार बंद असेल तर खिडकी शोधते. त्यांनी स्वतः काय खाल्लं, त्यांना काय आवडायचं, हे मात्र शोधायला गेलं तर फार थोडं सापडतं.

दुसरी साक्ष शेगावच्या गजानन महाराजांची, आणि ती नणंदेनं स्वतःच काढली. २३ फेब्रुवारी १८७८. देविदास पातुरकरांच्या घरी पंगती उठल्या होत्या, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या, आणि एक दिगंबर तरुण त्यांवरची शितं वेचून खात होता. बंकटलाल आणि दामोदरपंतांनी ते पाहिलं, घरातून वाढलेलं ताट आणवलं. गजानन महाराजांनी ताटातलं गोड, तिखट, आंबट सगळं एकत्र कालवलं आणि खाल्लं. मग जनावरांच्या पाण्याच्या जागी जाऊन पाणी प्यायले. दासगणूंच्या पोथीत हे येतं, वऱ्हाडात तर पोराबाळांना पाठ असतं. “पाहा,” नणंद म्हणाली, “त्याईले चव होती काय कशाची?”

मी तिला म्हटलं, वन्सं, तुम्ही पुरणपोळी कालवलेली पाहता, मी वेचलेली शितं पाहते. ज्याला अन्नाची किंमत नाही तो पत्रावळीवरचं शीत वेचत नाही. अन्न हे ब्रह्म आहे, त्याची निंदा करू नये, असं तैत्तिरीय उपनिषद सांगतं. फेकलेलं शीत उचलणं ही त्या वाक्याची करून दाखवलेली टीका झाली. कालवण्याचंही तेच. जेवणाऱ्याच्या आवडीनिवडीनं जो भेद पडतो तो त्यांनी मोडला, चव मोडली असं कोणी सांगितलं? आणि ती खरोखर मोडली असती तर भक्तांनी त्यांना काय नैवेद्य ठेवला असता? पिठलं, भाकर, अंबाडीची भाजी, हिरवी मिरची. एवढं चवदार जेवण वऱ्हाडात दुसरं नाही. मुगाचं पाणी का नाही ठेवलं?

एक गंमत मला नेहमी वाटते, ती इथं सांगून टाकते. चव सोडणाऱ्यांच्या गावांनीच आम्हाला चवी दिल्यात. शेगावात प्रसादाइतकीच कचोरीला रांग असते. आणि ज्या वर्ध्याच्या वेशीवर अस्वादाचं व्रत पाळलं गेलं, त्याच वर्ध्याचा गोरस पाक आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मागवतो. गोसेवेच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या गोरस भंडाराचा, गाईच्या शुद्ध तुपातला, खुसखुशीत. गाईच्या दुधाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून गांधीवाद्यांनाही शेवटी जिभेकडंच यावं लागलं. जमनालाल बजाजांनी आयुष्याचा शेवटचा काळ गोसेवेला दिला, ते १९४२ च्या फेब्रुवारीत गेले. त्यांच्या मागं जे टिकलं त्यात भाषणं किती आणि हा पाक किती, याचा विचार करावा. मी हे चेष्टेनं म्हणत नाहीये. गाय वाचवायची तर तिच्या तुपाची चव कोणाला तरी कळावी लागते.

माझ्या माहेरच्या नात्यात महानुभाव पंथाचे लोक आहेत. त्यांच्याकडं तर हा पेच उघडाच आहे. त्यांच्या भिक्षुकानं चवीच्या मागं जायचं नाही, मिळेल ती भिक्षा घ्यायची. पण ज्यांना ते परमेश्वराचा अवतार मानतात ते रिद्धपूरचे गोविंदप्रभू, त्यांच्या लीळा वाचा. कोणाच्याही घरात शिरतात, शिंक्याकडं पाहतात, मडक्यात हात घालतात, हवं ते मागतात, नाही मिळालं तर रुसतात. कोणाचं घर, कोणती जात, काही नाही. लोक त्यांना वेडे म्हणत. रिद्धपूर अमरावतीपासून किती दूर? मोर्शीच्या वाटेवर. आता तिथं मराठी भाषेचं विद्यापीठ झालंय. माणसानं जीभ आवरायची आणि देवानं सोडायची, असा हा मामला. माझ्या मामेबहिणीला विचारलं तर ती म्हणते, तो ईश्वर आहे, त्याला भोग चिकटत नाही. बरोबर असेल. पण मग भोग वाईट कशानं झाला, तर चिकटण्यानं, चवीनं नव्हे.

आणि कृष्ण तर आमचा जावईच. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर तिवसा तालुक्यात आहे, आणि त्यानं तिला अंबादेवीच्या देवळातून नेलं असं इथलं शेंबडं पोरही सांगतं. त्या जावयाची दुपारची शिदोरी म्हणजे काला. सगळ्या गवळ्यांच्या पोरांनी आपापल्या घरचं आणलेलं, एकत्र केलेलं, एकमेकांच्या तोंडात घातलेलं. त्याची गोष्ट वारकऱ्यांत मोठ्या चवीनं सांगतात: स्वर्गातल्या देवांना त्या काल्याचा हेवा वाटला आणि उष्ट्याचं शीत तरी मिळावं म्हणून ते यमुनेत मासे होऊन आले. पोरांनी ते ओळखलं आणि हात पाण्यात धुतलेच नाहीत, घोंगड्यांना पुसले. देवांना अमृत होतं. अमृत एकट्यानं प्यायचं असतं, त्याला दुसऱ्याचा हात लागलेला नसतो. ती गोष्ट रचणाऱ्याला चव म्हणजे काय हे नेमकं ठाऊक होतं.

एवढ्यावर मी नणंदेपुढं जिंकल्यासारखी झाले असते. पण खरी अडचण पुढं आहे, आणि ती डेअरीतल्या पोरानं आणून ठेवली. मालकाचा हा मुलगा डेअरी टेक्नॉलॉजी शिकलाय आणि पिझ्झावाल्यांसाठी मोझरेला करतो. त्यानं ताज्या चीजचा तुकडा तव्यावर शेकून माझ्या ताटात टाकला. “काकू, खाऊन पाहाजा. कसं लागते सांगा.”

मी खाल्लं. बाहेरून करकरीत, आत लांब तार सुटणारं, शेवटी किंचित आंबट. मीठ बेताचं. म्हशीचंच दूध. मी तसं सांगितलं. नणंदेनं मात्र ताटाकडं बोट केलं: “हे शाकाहारी असते काय?”

प्रश्न बरोबर आहे. पनीर करायचं तर तापलेल्या दुधात लिंबाचं सत्त्व घालून ते फाडतात. आंबटपणानं फाटतं, विषय संपला. चीजचं तसं नाही. कोमट दूध आंबट न होता, शांतपणे, खरवसासारखं बसावं लागतं, आणि ते बसवणारं जे द्रव्य, रेनेट, ते मुळात मिळतं दूधपित्या वासराच्या चौथ्या कोठ्यात. इटलीतलं अस्सल पार्मेझान आजही वासराच्या रेनेटशिवाय करता येत नाही, तसा तिथला नियमच आहे. आपल्याकडं मोठ्या डेअऱ्या बुरशीपासून काढलेलं किंवा किण्वनातून तयार केलेलं रेनेट वापरतात आणि वेष्टनावर हिरवा ठिपका लावतात. या पोराकडंही तेच होतं, त्यानं डबी आणून दाखवली. नणंदेचं समाधान झालं.

माझं झालं नाही. हिरव्या ठिपक्यानं एवढंच कळतं की या चीजसाठी कोणाचं पोट कापलं नाही. पण ते द्रव्य वासराच्या पोटात असतं कशासाठी, हा विचार डोक्यातून जाईना. दूध पाण्यासारखं वाहून जाऊ नये, पोटात बसावं, हळूहळू अंगी लागावं, यासाठी निसर्गानं ते तिथं ठेवलं. आचळापासून कोठ्यापर्यंत सगळी व्यवस्था एका जिवासाठी लावलेली आहे. चीज करणारा माणूस ती व्यवस्था मधेच तोडतो आणि उरलेलं काम स्टीलच्या टाकीत पुरं करतो. बुरशीचं रेनेट वापरलं तरी आपण करतो ती नक्कल वासराच्या जेवणाचीच. तव्यावरचा तो तुकडा म्हणजे कोणाचं तरी अर्ध्यावर उचललेलं ताट होतं.

नव्या रेडकाला दिवसाला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध लागतं. तीस किलोचं असलं तर तीन लिटर. किती मिळतं? ते वगार आहे की हेला, यावर. वगार उद्याची म्हैस असते, तिला पाजतात. हेल्याला पान्हा फुटण्यापुरतं लावतात आणि ओढून बाजूला बांधतात. तो मेला तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभा करणारेही मी पाहिलेत. ती चाटते आणि दूध सोडते. केंद्रावर आलेल्या कॅनमध्ये हे दिसत नाही. फॅट सहा लागला की पावती फाटते. गोवंश हत्याबंदी २०१५ पासून महाराष्ट्रात बैलापर्यंत आली. म्हैस आणि हेला त्यात नाहीत. ताटात म्हशीचं, हातात पूजेचं तबक गाईसाठी. ज्ञानोबांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडाच होता, पण त्याचाही आपल्याला आदर कथेपुरता.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात एक कडक शब्द वापरलाय. देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो भोगतो तो चोर. गांधीजींच्या त्याच अकरा व्रतांत अस्तेयही आहे: आपलं नाही ते घेऊ नये. म्हणजे चव घेणं पाप की नाही हा वाद घालत बसण्याआधी, ताटातलं आहे कोणाचं, हे विचारायला हवं होतं. आणि इथं मला वाटतं की अस्वादाच्या वाटेनं गेलेला माणूस नेमकी ती गोष्ट हुकतो. दूध औषधासारखं, मात्रा म्हणून पोटात टाकलं, तर ते कोणाचंच राहत नाही. मात्रेला आई नसते. माझ्या गर्बरच्या नळीतल्या चरबीला कुठं होती? लोणी जिभेवर ठेवलं तेव्हा ढेप कळली, गोठा कळला, म्हैस कळली. आणि म्हैस कळली की तिच्या बाजूला बांधलेलं रेडकूही येतं, तुम्ही बोलावलं नाही तरी. सांख्यांनी इंद्रियांची वाटणी केली तेव्हा बोलणारी वाणी कर्मेंद्रियांत घातली, पण चाखणारी रसना ज्ञानेंद्रियांत, डोळ्या-कानांच्या पंगतीला बसवली. त्यांनी फार विचार करून तिला तिथं बसवलं असणार. डोळे मिटून चालणाऱ्याला आपण संयमी म्हणत नाही. मग जीभ मिटून जेवणाऱ्याला का म्हणायचं?

माझ्या नणंदेनं यावर जे विचारलं ते मला अजून पुरतं सुटलेलं नाही. ती म्हणाली, “कळलं, ठीक हाय. पण कळल्यानं फिटते काय?”

नाही फिटत. आपल्या लोकांनाही हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी जागोजागी थोडं थोडं परत करण्याच्या रिती घातल्या. व्यालेल्या म्हशीचा चीक विकू नये, वाटावा, हे त्यातलंच. वसुबारसेला बाया गाय-वासराची पूजा करतात आणि त्या दिवशी दूध-दही-तूप तोंडात घालत नाहीत. वर्षातला एक दिवस कबुली की हे वासराचं आहे. बाकीच्या दिवसांचं काय, असं विचारणाऱ्याला त्या रितीकडं उत्तर नाही. पण एक दिवस तरी आपण चोर आहोत असं घरातली बाई उपाशी राहून सांगते, हे हिरव्या ठिपक्यापेक्षा मला जास्त खरं वाटतं. फक्त तो उपासही तिच्याच वाट्याला का, हे मी नणंदेला विचारलं. तिनं ताकाचा पेला ठेवला आणि माझ्या ताटातला गिला वडा उचलला. मी काही बोलले नाही.

काउंटरमागं मालकाची आई बसते. ऐंशीच्या घरातली, नऊवारीतली. आमचं सगळं ती ऐकत होती. मी तिलाच विचारलं, आजी, वसुबारसेला तुम्ही दूध खात नाही न? मग दुकान चालू ठेवता?

“ठेवतो न बाप्पा. शहराले त्या दिशी चहा नाई लागत काय?” आजी म्हणाल्या. “पर सकाळची धार काढत नाई. वासराईले मोकळं सोडतो.”

“आजी, त्या दिवशी किती लिटरचा तोटा होतो, माहीत हाय तुले?” नातू म्हणाला. मग माझ्याकडं वळून, जरा उत्साहानं: “काकू, हे हेल्या-गोऱ्ह्याचं झंझट आता राहात नाई. लिंगनिश्चित रेतन आलं. शंभरात नव्वद मादीच होते. जन्मलाच नाई हेला, तर पाप कोणाले लागंल?”

युक्तिवाद चोख आहे. जो जन्मलाच नाही त्याचा वाटा कोणी खाल्ला, असं म्हणता येत नाही. ऋण नाही, चोर नाही, ताट स्वच्छ. मी बराच वेळ त्यात भोक शोधत होते. शास्त्रात कुठं सापडेना. शेवटी हाताशी आलं ते पोळ्याचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात, तूप-हळद लावतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. माणसानं जनावराला पाहुणा म्हणून जेवायला बोलवायचं, त्याच्यासाठी पुरण घालायचं. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवलं त्याच्यापुढं एका दिवसाकरता हात जोडून उभं राहायचं. मी म्हटलं, बाबा, गोऱ्हेच जन्मले नाहीत तर आवतन कोणाला देशील? ज्याचं देणं लागतो तोच नाहीसा केला, याला फेडणं म्हणत नाहीत.

“ट्रॅक्टरले देते न आता लोकं,” आजी मधेच म्हणाल्या. “धुते, हार घालते, नारळ फोडते.”

पोरगा हसला. नणंदही हसली, तोंडात दही होतं म्हणून पदर लावून. मी म्हटलं, ट्रॅक्टर जेवत नाही. आजी म्हणाल्या, डिझेल पेते की. मग त्यांच्यात आणि माझ्यात डिझेल हे जेवण आहे की नाही यावर सुरू झालं, आणि नणंदेनं पोराला हाक मारून आणखी एक गिला वडा मागवला, या वेळी स्वतःच्या नावावर.